नोंद सापडत नाही, तेव्हा एजंटने काय सांगावं?

सांगलीजवळच्या एका शीतगृहाच्या ऑफिसात काम करणाऱ्या वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून मजकूर थोडक्यात देते.

"आमच्याकडे मुख्यतः बेदाणा असतो, थोडी हळदही. शेतकरी दिवसभर फोन करतात: माझ्या किती पेट्या शिल्लक आहेत, किती गेल्या, भाडं किती झालं. म्हणून मालकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तरं देणारा एआय एजंट बसवून घेतला. डेटाबेसमधून नोंद शोधून देणारं टूल पुण्याच्या एका मुलाने केलं आणि त्या टूलची माहिती लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी कॉम्प्युटरची पदवीधर. प्रत्येक टेबल, प्रत्येक रकाना, त्याचा प्रकार, कुठलं टेबल कशाला जोडलंय, असं सगळं मिळून नऊ पानं लिहिली. तो मुलगा म्हणाला, दोन ओळी पुरेत, मॉडेल (एजंटमागचं एआय) हुशार असतं, टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजतं आणि ज्यांवर खर्च ठरतो ते) कशाला वाया घालवताय. मालकांना ते पटलं. मग एका शेतकऱ्याला एजंटने 'तुमच्या नावावर माल शिल्लक नाही' असं कळवलं. ते बिचारे संध्याकाळी मोटरसायकल मारत थेट गोदामात आले. माल जागेवर होता, नोंद फक्त अडत दुकानाच्या खात्यावर होती. मालक म्हणतात एजंट चुकला, तो मुलगा म्हणतो तुमचा डेटाच खराब, आणि मला वाटतं माझी पानं ठेवली असती तर हे झालंच नसतं.

दुसरी अडचण अण्णांची. ते आमचे जुने दिवाणजी. आवकेचा रकाना कुठे किलोत आहे आणि कुठे गाडीत, २०१९ च्या महापुरात माल हलवला तेव्हा लॉटला दुसरे नंबर कसे पडले, दिवसभराची जावक चिठ्ठीवर असते आणि संगणकात संध्याकाळी चढते, हे सगळं त्यांच्या डोक्यात आहे. विचारायला गेले तर म्हणाले, 'घे सगळं लिहून, मग माझं काय काम उरतंय?' तेव्हापासून माझा हात चालत नाही. थोडक्यात लिहू की सविस्तर? आणि अण्णांकडून काढून घेऊन लिहू की नको?"

*

आधी त्या शेतकऱ्याच्या चौकशीचं पाहू, कारण तुमचा खरा पेच तिथेच आहे.

त्यांनी स्वतःच्या नावाने विचारलं. एजंटने ते नाव टूलला दिलं. टूलने शोधलं, त्या नावावर एकही ओळ नव्हती, म्हणून रिकामी यादी परत केली. इथवर कुणाचंच काही चुकलेलं नाही. पुढे त्या रिकाम्या यादीचं वाक्य करणं एजंटला भाग होतं, आणि त्याने ते केलं: तुमच्या नावावर माल शिल्लक नाही. 'या नावाने नोंद सापडली नाही' आणि 'माल नाही' या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत एका घराची वर्षभराची कमाई बसते. फोनवर अण्णा असते तर त्यांनी उत्तर देण्याआधीच विचारलं असतं, माल स्वतः उतरवलाय की दुकानामार्फत? तो प्रश्न विचारायचा असतो हे एजंटला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून चूक कुणाची हा वाद मी बाजूला ठेवते. ऑफिसात वर्षानुवर्षं तोंडी चाललेली एक गोष्ट टूलपर्यंत पोचली नाही, एवढंच झालं. ती पोचवणं आता तुमच्या हातात आहे.

आता एक अवघड प्रश्न विचारते, रागावू नका. तुमच्या नऊ पानांत अडत्याच्या खात्याची ही गोष्ट होती का? पत्रात तुम्ही पानांमधला मजकूर सांगितलाय, त्यावरून तरी ती नसावी असं वाटतं. टेबलं, रकाने, प्रकार, जोडण्या. कॉलेजात आपल्याला माहिती अशीच लिहायला शिकवतात, आणि उद्या नवा प्रोग्रामर आला तर त्याला ती लागेलही. ती पानं फाडू नका, त्याच्यासाठी ठेवा. पण एजंट टेबलं जोडत बसत नाही, ते काम टूल आतल्या आत करतं. नऊच्या नऊ पानं त्याच्यापुढे असती तरी त्या संध्याकाळी तो तेच बोलला असता. म्हणून लांबी हा तुमचा प्रश्न नाही, असं मला ठामपणे वाटतं.

एजंटला नेमकं काय दिसतं ते एकदा नीट डोळ्यांपुढे आणा. टूलचा कोड त्याला दिसत नाही. डेटाबेस दिसत नाही. गोदाम तर नाहीच. एआय मॉडेल बनवणाऱ्या दोन कंपन्यांपैकी ओपनएआयने जून २०२३ मध्ये फंक्शन कॉलिंग, म्हणजे मॉडेलला टूल वापरता येण्याची सोय, आणलं, अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे मॉडेलला बाहेरची टूलं जोडायची ठरावीक पद्धत, जाहीर केला, आणि दोन्हीकडे ढाचा साधारण एकच आहे: टूलचं नाव, त्याचं वर्णन, आणि कुठली माहिती कुठल्या रूपात द्यायची ते सांगणारा जेसन स्कीमा. टूल आत्ता वापरायचं की नाही आणि वापरायचं तर कशात काय भरायचं, हे मॉडेल एवढ्यावरूनच ठरवतं. मग टूलकडून आलेलं उत्तर वाचतं आणि शेतकऱ्याशी बोलतं. कालच्या शेतकऱ्याशी बोलताना काही शिकला असेल म्हणावं, तर आपण मुद्दाम सोय केल्याशिवाय तेही त्याला आठवत नाही.

हे वर्णन प्रत्येक विनंतीबरोबर मॉडेलकडे जातं. त्यामुळे त्या मुलाच्या म्हणण्यात तथ्य आहे. देवनागरी मजकुराला बहुतेक मॉडेलांत इंग्रजीपेक्षा जास्त टोकन लागतात, तेव्हा नऊ पानांचा खर्च खरा आहे. त्याहून मोठा तोटा हा की जे एक वाक्य शेतकऱ्याला वाचवणार, ते बिनकामाच्या पन्नास वाक्यांत बुडून जातं. पण 'मॉडेल हुशार असतं' यावरून 'दोन ओळी पुरेत' हे निघत नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं हे मॉडेलला बहुधा माहीत असेल. तुमच्या रजिस्टरातला नुसता ४ हा आकडा म्हणजे चार गाड्या, आणि बेदाण्याच्या बाजारात गाडी म्हणजे दहा टन, हे त्याला कुठून कळणार? तो चार पेट्या समजेल, नाहीतर चार क्विंटल. हुशारीला अपुरी माहिती मिळाली की ती अंदाज बांधते, आणि तो अंदाज कानाला इतका पटतो की कुणी हरकत घेत नाही. माझी सगळी काळजी याच गोष्टीची आहे. गोंधळलेलं उत्तर आलं तर शेतकरी फोन करून पुन्हा विचारतो. ठाम आणि चुकीचं उत्तर आलं तर तो त्यावर विश्वास ठेवून माल विकायचा की थांबायचं हे ठरवतो.

तेव्हा कुठली गोष्ट कुठे लिहायची, हे ठरवायला बसा. मी तुमच्या जागी असते तर टूलचं वर्णन साधारण असं लिहिलं असतं:

"शीतगृहातल्या मालाची नोंद शोधतं: किती पेट्या आल्या, किती गेल्या, किती शिल्लक आहेत, भाडं किती झालं. शेतकरी आपल्या मालाबद्दल किंवा आवक पावतीबद्दल विचारेल तेव्हा वापरावं. बाजारभाव, सौद्यांच्या तारखा आणि अडत्याकडून येणं असलेले पैसे यात नाहीत. त्या प्रश्नांसाठी वापरू नये. पावती नंबर असेल तर आधी त्यानेच शोधावं. लॉट नंबर दर हंगामाला पुन्हा १ पासून सुरू होतात, त्यामुळे लॉट नंबरबरोबर हंगामाचं वर्ष लागतंच. माहीत नसेल तर शेतकऱ्याला विचारावं, अंदाजाने भरू नये. बराच माल अडत दुकानाच्या खात्यावर असतो. शेतकऱ्याच्या नावाने नोंद मिळाली नाही तर 'माल नाही' असं सांगू नये. माल कुणामार्फत ठेवला ते विचारून पुन्हा शोधावं, तरीही मिळाली नाही तर ऑफिसकडे सोपवावं. आकडे शेवटच्या संध्याकाळी चढवलेल्या नोंदीपर्यंतचे असतात."

पान भरत नाही इतका मजकूर आहे, आणि यातलं एकही वाक्य टेबलांबद्दल नाही. लॉट नंबर दर हंगामाला पुन्हा सुरू होतात की नाही ते तुमच्याकडे तपासून घ्या. मी बहुतेक गोदामांत असतं तसं धरलंय.

यातलं 'कशासाठी वापरू नये' हे वाक्य लोक हमखास गाळतात, म्हणून त्यावर थोडं थांबते. दिवाळीच्या सुमारास बेदाण्याचे सौदे काही आठवडे बंद ठेवतात आणि व्यापारी-अडत्यांमधली जुनी येणी-देणी मिटवतात, हे तुम्हाला सांगायला नको. त्या दिवसांत एखाद्या शेतकऱ्याने विचारलं, महिना झाला, माझा माल हलला का नाही? एजंट टूल चालवेल, जावकेत शून्य दिसेल, आणि तो सांगेल की सध्या मागणी दिसत नाही. डेटाबेसमध्ये मागणी नावाचा रकानाच नाही. पण प्रश्न आला, हाताशी एकच टूल आहे, त्यातून शून्य आलं, म्हणून शून्याला कारण चिकटवलं गेलं. आणि मागणी नाही हे ऐकलेला माणूस पडेल भावाला तयार होतो. हे टूल काय सांगू शकत नाही हे आधीच स्पष्ट असेल तर एजंट निदान 'सौद्यांची माहिती माझ्याकडे नाही, ऑफिसात विचारा' एवढं प्रामाणिक उत्तर देतो.

वर्णनानंतर स्कीमा. तिथे प्रत्येक रकान्यालाही स्वतःचं वर्णन देता येतं, ही सोय बरेच जण वापरतच नाहीत. 'वर्ष' एवढंच लिहिलं तर माल आत आला ते वर्ष की बाहेर गेला ते, हा प्रश्न उरतो. 'माल आत आला ते वर्ष, चार अंकी' असं लिहा. बेदाण्याच्या प्रकाराला मोकळी जागा ठेवू नका. हिरवा, पिवळा, काळा अशी ठरावीक पर्यायांची यादी स्कीमात देता येते, म्हणजे एजंट स्वतःचे शब्द घालणार नाही. टूलचं नाव बहुतेक ठिकाणी इंग्रजी अक्षरांतच द्यावं लागतं, पण वर्णनं मराठीत चालतात, आणि तुमच्या बाबतीत ती मराठीतच असावीत असं मी म्हणेन. थोडे टोकन जास्त जातील. पण ते वर्णन अण्णांना वाचता आलं पाहिजे, आणि ती किंमत मोजण्यासारखी आहे.

मग येतं टूलचं उत्तर. हीसुद्धा माहिती-पत्रकाचीच जागा आहे आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची, कारण एजंट बोलण्याच्या अगदी आधी तेच वाचतो. शिल्लक ३१० असं नुसतं पाठवू नका. रकान्याचं नावच 'शिल्लक पेट्या' आणि 'वजन किलो' असं करा. शेवटची नोंद कधी चढवली ती तारीख आणि वेळ प्रत्येक उत्तरात जाऊ द्या, म्हणजे दुपारी चिठ्ठीवर गेलेल्या पेट्या अजून शिल्लक दिसत असतील तर एजंट 'काल संध्याकाळपर्यंतच्या नोंदीनुसार' असं म्हणू शकेल. आणि रिकामी यादी पाठवणं बंदच करा. तिच्या जागी तीन वेगळी उत्तरं हवीत. या नावाचं किंवा नंबरचं खातंच सापडलं नाही, हे एक. खातं आहे, माल आला होता, सगळा गेला आणि आता शिल्लक शून्य, हे दुसरं. डेटाबेसशी संपर्कच झाला नाही, त्यामुळे काहीच सांगता येत नाही, हे तिसरं. आज तुमच्या टूलमधून या तिन्ही वेळी एकच कोरं उत्तर येत असणार. पुण्याच्या मुलाला एवढं एकच काम सांगा, अर्ध्या दिवसाचं आहे. काही चुकलं की टूलकडून येणाऱ्या संदेशांचंही तसंच. नुसता एरर नंबर एजंटच्या काही उपयोगाचा नाही. 'हंगामाचं वर्ष दिलेलं नाही, शेतकऱ्याला विचारून पुन्हा शोधा' असं वाक्य आलं तर पुढची पायरी तो स्वतः उचलतो.

काही गोष्टी मात्र कुठेच लिहू नका, थेट दुरुस्त करून घ्या. वर्णनात सूचना लिहून झाकलेला दोष कधीतरी उघडा पडतोच. गाडी आणि किलोचा घोळ असाच. 'हा रकाना कधी गाडीत असतो' असं एजंटला सांगून ठेवलं तर त्याने कुठे काय धरायचं? अण्णांना सोबत घेऊन जुन्या नोंदी एकदा बघा आणि सगळं किलोत आणा. जिथे खात्री नाही तिथे रकाना रिकामा ठेवून 'वजन तपासायचं आहे' अशी खूण करा.

नावांच्या लिहिण्याचंही तेच. पत्त्यात कऱ्हाड असलेले व्यापारी किंवा शेतकरी तुमच्याकडे असतीलच. एकाने ते ऱ हे अक्षर वापरून टाइप केलेलं असतं. दुसऱ्याने साधा र, हलन्त आणि पुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडणारं चिन्ह टाकून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, आणि डेटाबेसच्या दृष्टीने ते दोन वेगळे शब्द आहेत. युनिकोडचं, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या जागतिक पद्धतीचं, नेहमीचं प्रमाणीकरण केलं तरी ही दोन रूपं एक होत नाहीत, शोधण्याआधी ती मुद्दाम एका रूपात आणावी लागतात. त्यात काही जण सरळ कराड लिहितात. ज्या ज्या आडनावात हा ऱ्ह किंवा ऱ्य येतो तिथे हाच त्रास. आकड्यांचंही तसंच: कुणी देवनागरीत पावती नंबर लिहून पाठवतं, कुणी इंग्रजीत. हे सगळं टूलने गुपचूप सांभाळायचं असतं. 'तीन प्रकारे लिहून बघ' असं एजंटला सांगणं म्हणजे तो कधी बघेल, कधी नाही.

आणि तिसरी, सगळ्यात गंभीर. 'दुसऱ्या शेतकऱ्याची माहिती देऊ नये' असं वर्णनात लिहून निर्धास्त होऊ नका. कुणी तरी गोड बोलून, किंवा 'मी त्यांचा मुलगा बोलतोय' म्हणून, एजंटला वळवू शकतो. ज्या मोबाइल नंबरवरून संदेश आला तो नंबर प्रोग्रामने स्वतः टूलला द्यायचा, एजंटने नाही. आणि त्या नंबराशी जोडलेल्या नोंदींपलीकडे टूलने काही दाखवायचंच नाही. अडत्याच्या खात्यावरचा माल असेल तर त्यातले फक्त त्या शेतकऱ्याचे लॉट. टूल ज्या खात्याने डेटाबेसमध्ये शिरतं त्याला फक्त वाचायची परवानगी ठेवा. शिवाय शेऱ्याचा रकाना उत्तरातून काढून टाका. 'मागचं भाडं बाकी, विचारल्याशिवाय माल सोडू नये' अशी वाक्यं तिथे असतात. ती ऑफिसच्या माणसांसाठी लिहिलेली आहेत. एजंटने ती शेतकऱ्याच्या तोंडावर वाचून दाखवली तर पिढ्यान्‌पिढ्यांचं गिऱ्हाईक तुटेल, आणि हुकूम समजून त्यावर वागायला लागला तर आणखी पंचाईत.

महापुराच्या वर्षाचं मी तुमच्यावर सोपवते. २०१९ चा माल आता गोदामात नसेल, पण जुना हिशेब विचारणारे असतात. जुना नंबर आणि नवा नंबर यांची जोडयादी होत असेल तर उत्तम. नसेल होत तर त्या एका वर्षासाठी टूलने 'या हंगामाची चौकशी ऑफिसात करावी' एवढंच परत दिलं तरी चालेल. सगळं यंत्राकडून सुटलंच पाहिजे असं नाही.

आता अण्णा.

त्यांचं वाक्य वाचून तुमचा हात थांबला, याचा अर्थ तुम्हाला त्यांची किंमत आहे. मी त्यांची भीती खोटी म्हणणार नाही. माणसाच्या डोक्यातलं लिहून घेऊन त्याला घरी पाठवल्याची उदाहरणं अण्णांनीही पाहिली असतील, आपणही पाहिली आहेत. तुमच्या मालकांच्या मनात काय आहे ते मला माहीत नाही, आणि तुम्हालाही नक्की माहीत नसेल. म्हणून पहिलं पाऊल लिहिण्याचं नाही, मालकांशी बोलण्याचं आहे. सरळ विचारा: हे लिहून झाल्यावर अण्णांचं काम काय राहणार? उत्तर गुळमुळीत आलं तर तेही तुम्हाला आणि अण्णांना आधी कळलेलं बरं.

पण तुमच्या एका गृहीतावर मला बोट ठेवायचं आहे. अण्णांकडचं सगळं ज्ञान लिहून काढता येतं आणि काढलं की ते त्यांच्याकडे उरत नाही, असं तुम्ही दोघांनीही धरून चाललाय. त्यांना माहीत असलेल्या गोष्टी दोन जातीच्या आहेत. गाडी म्हणजे किती, लॉटचे नंबर कसे पडतात, नोंद कधी चढते, हे रजिस्टरबद्दलचं ज्ञान. ते लिहिलंच पाहिजे, कारण अण्णा आजारी पडले किंवा लग्नाला गेले तर आजही तुमचं ऑफिस अडतं, एजंट असो वा नसो. दुसरं ज्ञान माणसांबद्दलचं: कुणाच्या घरात वाटण्या चालल्या आहेत म्हणून दोन्ही भावांचा होकार घेतल्याशिवाय माल सोडायचा नाही, कोण अडचणीत आहे, कुणाचा शब्द पुरतो. हे टूलमध्ये घालूच नये. ते शेतकऱ्यांनी विश्वासाने अण्णांना सांगितलेलं आहे, ऑफिसला नाही.

आणि वरच्या वर्णनातलं 'ऑफिसकडे सोपवावं' हे वाक्य पुन्हा वाचा. ऑफिस म्हणजे कोण? तिथे एक माणूस लागणार, ज्याला दिवसाचे साठ साधे फोन घ्यावे लागत नाहीत आणि म्हणून जी दहा अवघड प्रकरणं येतात त्यांच्याकडे नीट बघता येतं. ते काम अण्णांचं आहे, आणि तसं कागदावर यायला हवं: एजंटला जे उत्तर देता येत नाही ते अण्णांकडे जाईल, आणि माहिती-पत्रकात काय बदलायचं ते अण्णांच्या संमतीशिवाय बदलणार नाही. हे मालकांकडून लिहून घ्या. पत्रकावर तुमच्याबरोबर अण्णांचं नाव असू द्या. त्यांच्यासमोर बसून, ते सांगतील तसं लिहा, आणि लिहिलेलं त्यांना वाचून दाखवा. एखादी गोष्ट नको लिहूस म्हणाले तर ती लिहू नका. मागून गुपचूप तर अजिबात नाही.

एवढं करूनही ते नाही म्हणू शकतात. मग आवकेचं वजन, लॉटचे नंबर वगैरे तुम्हाला जुन्या पावत्या उघडून शोधावं लागेल. वेळ लागेल, पण होईल. अण्णांवर दबाव आणण्यापेक्षा ते बरं.

पुण्याच्या मुलाशी वाद घालत बसू नका, त्याला पारखायचं साधन द्या. शेतकऱ्यांचे खरे प्रश्न गोळा करा, ते जसे विचारतात तशाच भाषेत. 'आमचा माल किती ऱ्हायलाय?' 'वडलांच्या नावावर काय हाय का बघा.' '४१२ नंबरचा लॉट गेला का?' पंचवीस-तीस पुरेत. त्यात मुद्दाम काही असे घाला ज्यांचं बरोबर उत्तर 'मला सांगता येत नाही' हे आहे: आजचा भाव काय, शेजाऱ्याचा माल किती. प्रत्येकाचं योग्य उत्तर अण्णांकडून लिहून घ्या. मग दोन ओळींच्या वर्णनावर ते सगळे चालवा आणि नव्या वर्णनावरही चालवा. एजंट शेवटी काय बोलला एवढंच पाहू नका. त्याने टूलला काय विचारलं तेही पाहा, कारण वर्षाचा रकाना त्याने मनाने भरला असेल तर उत्तर योगायोगाने बरोबर आलेलं असू शकतं. त्यानंतर त्या मुलाला म्हणा, आता एकेक वाक्य काढत जा आणि पुन्हा चालव. जे काढून काहीच बिघडत नाही ते वाक्य जाऊ दे, मला हरकत नाही. टोकनची त्याची काळजी आणि शेतकऱ्याची तुमची काळजी, दोन्हींचा निकाल एकाच तक्त्यावर लागेल.

हे सदर वाचणाऱ्या इतरांच्याही ऑफिसात असंच काही चालू असेल, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. दूध संकलन केंद्राच्या नोंदीत फॅटच्या रकान्यात शून्य असेल तर ते मोजलेलं शून्य आहे की त्या दिवशी यंत्र बंद होतं? ग्रंथालयाच्या यादीत पुस्तक 'उपलब्ध नाही' म्हणजे बाहेर गेलंय, बांधणीला गेलंय की हरवलंय? पतसंस्थेत खातं दिसत नाही म्हणजे बंद झालं की दुसऱ्या शाखेकडे वर्ग झालं? शून्य, कोरा रकाना आणि न सापडलेली नोंद या तिन्हींचे अर्थ तुमच्या ऑफिसात कोण सांगू शकतं ते शोधा, आणि सुरुवात त्या व्यक्तीपासून करा. रकान्यांच्या यादीपासून नको.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. हे वर्णन कुणाच्या लॅपटॉपवरच्या वेगळ्या फाइलीत ठेवू नका. टूलचा कोड जिथे आहे तिथेच ते असू द्या, म्हणजे रकाना बदलणाऱ्याला वर्णन समोर दिसेल आणि ते प्रश्नही पुन्हा चालवावे लागतील. जानेवारी-फेब्रुवारीत नवा बेदाणा यायला लागला की तुम्हा कुणालाच मान वर करायला फुरसत मिळणार नाही. त्याआधी, दिवाळीत सौदे बंद असतात त्या निवांत आठवड्यांत, अण्णांबरोबर एक दुपार ठरवून टाका आणि वर्णन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा. मालकांनाही बसवा.